कार्ड बदलताना वॅटही मोजा

२०१६ चं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड अजून वापरणाऱ्यांपुढे बहुधा दोन नावं येतात: २०२१ चं आरटीएक्स ३०६० आणि २०२३ चं ४०६०. गेममध्ये ४०६० साधारणपणे सरस ठरतं, तरी त्याला ११५ वॅट पुरतात. ३०६० ला १७० लागतात. हा ५५ वॅटचा फरक रोज चार तास धरला, तर वर्षाला सुमारे ८० युनिट होतात. युनिट दहा रुपयांना पडत असेल तर ८०० रुपये. म्हणजे केवळ वीजबिल वाचावं म्हणून चार-पाच हजार जादा मोजले, तर ते वसूल व्हायला पाच-सहा वर्षं जातील. माझ्या मते खरा लाभ वेगळा आहे: खोली कमी तापते, पंखे कमी घोंघावतात आणि जुना पॉवर सप्लाय बदलायची वेळ टळू शकते. १०६० स्वतः १२० वॅटचंच तर होतं! मात्र सप्लायला ८ पिनांची वायर आहे ना, हे आधी पाहा.

मेमरीपाशी पारडं फिरतं. ३०६० च्या मूळ आवृत्तीत १२ जीबी, ४०६० मध्ये ८. ब्लेंडरमध्ये मोठी दृश्यं रेंडर करणाऱ्याला किंवा घरीच एआय मॉडेल चालवणाऱ्याला मी ३०६० च सुचवेन. मॉडेल मेमरीत मावलंच नाही, तर वेग येणार कुठून?