नळी कोरडी पडली, म्हणजे धोका टळला?

निपाणी-चिकोडीकडचे रुग्ण बायपाससाठी बेळगावला केएलईच्या रुग्णालयात येतात. शस्त्रक्रियेनंतर छातीतून बाटलीत उतरणारी नळी म्हणजे चेस्ट ड्रेन (आत साचणारे रक्त बाहेर काढणारी वाट). बाटलीत रक्त दिसले की नातेवाईक धास्तावतात, थांबले की हायसे वाटते. रक्त हळूहळू कमी होणे चांगलेच. एकदम थांबणे मात्र तपासायला हवे. मोरीचा पाइप तुंबला की बाहेर थेंब येत नाही, पाणी आत चढते. तसेच नळीत गुठळी अडकली तर रक्त हृदयाभोवती साचते, टॅम्पोनाड (हृदयावर बाहेरून पडणारा दाब) होऊन रक्तदाब घसरू शकतो. नळी पिळून गुठळी सरकवण्याची जुनी रीत आहे. तिने आत जोराची ओढ बसते, म्हणून २०१९च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ती नाकारली. नळीला पीळ किंवा लोंबता झोळ नको, बाटली छातीपेक्षा खालीच हवी. काही वेगळे दिसले तर स्वतः हात न लावता सिस्टरना हाक मारावी.