सांडपाण्यातील शेवाळाचा उपयोग

सांडपाण्याच्या उथळ तळ्यात सूक्ष्म शेवाळ आणि जिवाणू एकमेकांच्या आधाराने वाढतात. जिवाणू मैला कुजवून कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेवाळ तो वायू, नत्र आणि स्फुरद शोषून उन्हात वाढते व जिवाणूंना प्राणवायू पुरवते. अमेरिकेत विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात या सहजीवनाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. अशा तळ्यांचे भारतीय हवामानातील तंत्र नागपूरच्या संस्थेने बसवले. १९५८ साली स्थापन झालेली ही संस्था आज ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते.

खरी अडचण काढणीची. पेशी असतात काही मायक्रॉनच्या. पाणी गर्द हिरवे दिसले तरी लिटरमागे कोरडे शेवाळ सहसा एक ग्रॅमही भरत नाही. तुरटी टाकली की ते तळाशी बसते, पण ॲल्युमिनियम गाळात उरते. वाळवून तेल काढायचे तर इंधन फार खर्ची पडते. म्हणून ओला गाळच बायोगॅस संयंत्रात घालणे परवडते. स्पेनमधील चिक्लाना येथे अशा वायूवर मोटारी चालवून दाखवल्या गेल्या. उरलेली मळी खत होते.

मंगरूळपीरसारख्या भरपूर उन्हाच्या, सोयाबीन-तुरीच्या तालुक्याला हाच मार्ग सोयीचा आहे. मात्र शेवाळ जड धातूही साठवते. त्यामुळे कारखान्याचे पाणी या तळ्यात येता कामा नये.