सर्दी गेली, पण कान का वाजतोय?

मागच्या व्याख्यानानंतर तुमच्याकडून ज्या चिठ्ठ्या आल्या, त्यांतल्या तीन-चारांत एकच तक्रार होती. सर्दी-ताप बरा होऊन पंधरा दिवस झाले, पण कानात रातकिडे ओरडतायत. म्हणून आज हाच विषय घेऊ.

आधी रचना पाहू. कानाच्या पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. तिथून नाकाच्या मागच्या भागापर्यंत साधारण साडेतीन सेंटिमीटरची एक नळी जाते, ती युस्टेशियन नळी. ही नळी एरवी मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. घाट चढताना कानाला दडे बसले की आपण आवंढा गिळतो, तो हिच्यासाठीच. सर्दी किंवा फ्लूमध्ये या नळीचं अस्तर सुजतं. आतली हवा शोषली जाते, नवी येत नाही, पडदा आत ओढला जातो आणि कधी कधी मागे पाणी साठतं. बाहेरचे आवाज दबतात.

पण मग आत आवाज कुठून येतो? १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यांतल्या ९४ टक्के लोकांना काही ना काही आवाज ऐकू आला! म्हणजे बारीक गुणगुण बहुतेकांच्या आत असतेच, बाहेरच्या गोंगाटात ती कळत नाही. शिवाय, बाहेरून कमी ऐकू यायला लागलं की मेंदूही आपल्या बाजूनं आवाज वाढवतो, असं आज मानलं जातं. रेडिओचं स्टेशन नीट लागलं नाही आणि आपण आवाज मोठा केला, तर खरखरही वाढते ना, तसंच. या प्रकारात सूज उतरली की काही आठवड्यांत कान बहुधा मोकळा होतो.

दुसरा प्रकार मात्र वेगळा, आणि आम्हाला काळजी आहे ती त्याची. अंतर्कर्णात शंखासारख्या वळणांचा कॉक्लिया असतो. त्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात, आणि त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. विषाणूच्या आजारानंतर क्वचित इथेच इजा होते. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं उतरतं आणि जोरात शिट्टी सुरू होते. आमच्याकडे एक शिक्षिका अशाच आल्या होत्या, पण दोन महिन्यांनी. सर्दीचाच दडा आहे, जाईल, असं घरचे म्हणत राहिले. यावर स्टिरॉइडचा उपचार असतो, पण त्याचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त. त्यांचं गेलेलं ऐकणं परत आलं नाही.

मग फरक ओळखायचा कसा? एक प्रयोग करू. उजव्या कानात बोट घाला, ओठ मिटा आणि ‘हं’ असा सूर धरा. आवाज कुठे मोठा येतो? बोट घातलेल्या कानात. सर्दीनं बंद झालेल्या कानातही असंच होतं. पण कमी ऐकू येणारा कान सोडून सूर चांगल्या कानाकडे जात असेल, तर दुखणं आतलं असू शकतं. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. हा फक्त घरगुती अंदाज आहे; एका कानाचं ऐकणं अचानक उतरलं असेल, तर सूर कुठेही जावो, तपासणी करायचीच.

औषधांचंही सांगतो. ॲस्पिरिनच्या मोठ्या डोसनं कान वाजतात, डोस कमी झाला की थांबतात. क्षयाच्या उपचारातली स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन ही इंजेक्शनं मात्र केसपेशींना कायमची इजा करू शकतात. ती चालू असताना कान वाजू लागला, तर डॉक्टरांना लगेच सांगा. उपचार मनानं थांबवू नका.

आणि कानात गरम तेल नको, नाक जोरात शिंकरणं नको, नाक मोकळं करणारे थेंब चार-पाच दिवसांपेक्षा जास्त नकोत. रात्री शांततेत आवाज छळतो, तेव्हा पंखा किंवा हळू रेडिओ चालू ठेवा.

थोडक्यात, दोन्ही कानांना दडा असेल आणि तो रोज थोडा उतरत असेल, तर धीर धरा. एकाच कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल, तर थांबू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.