फायटर माशाचे फाटलेले आणि कुजलेले पर : निदान व उपचार

वसतिगृहाच्या खोलीत पाळता येईल असा प्राणी म्हणून अनेक जण फायटर मासा आणतात. याचे शास्त्रीय नाव बेटा स्प्लेन्डेन्स. हा मूळचा थायलंडचा. 2019 साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले. लांब झालरीसारखे पर हे त्याचे वैभव, आणि आजारपण बहुधा तिथेच प्रथम दिसते.

मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, प्राणिशास्त्र नव्हे. तरीही हा पाठ लिहितो आहे, कारण माझा पहिला फायटर माझ्याच चुकीने गेला. पराची कड काळी पडली म्हणून मी घरातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल बरणीत फोडली. पाणी तपासले नाही, बदललेही नाही. पाचव्या दिवशी मासा मेला. यंत्र बिघडले की आधी कारण शोधा, मग पाना हातात घ्या, असे मी वर्गात रोज सांगतो. घरी मात्र विसरलो. तुमच्याकडून तसे होऊ नये, हा या पाठाचा उद्देश.

1. पराची रचना

परामध्ये हाडांच्या बारीक, सांधेदार काड्या असतात आणि त्यांच्यामध्ये पातळ पडदा ताणलेला असतो. छत्रीच्या काड्या आणि कापड डोळ्यांसमोर आणा. पडदा फाटला किंवा काड्यांची टोके तुटली, तरी पर पुन्हा वाढतो. मात्र कूज पराच्या मुळापर्यंत, म्हणजे शरीराला लागून असलेल्या भागापर्यंत पोचली, तर पुन्हा वाढ होणे अवघड असते. म्हणून वेळेला महत्त्व आहे.

2. आधी निदान

पराची हानी मुख्यतः चार प्रकारची असते.

(अ) फाटणे : सरळ चीर, कडेचा रंग नेहमीचा. कारण बहुधा प्लॅस्टिकची झाडे, टोकदार दगड किंवा फिल्टरचा जोरदार ओढा.

(आ) स्वतः चावणे : एका रात्रीत शेपटीचा अर्धगोल तुकडा गायब. जड शेपटीच्या जातींत, तसेच ताणाखालच्या माशांत आढळते.

(इ) पर कुजणे : कड काळपट, तांबूस किंवा पांढुरकी, झिजल्यासारखी, रोज थोडी आत सरकते. एरोमोनास, स्यूडोमोनास यांसारखे जिवाणू यामागे असतात. ते पाण्यात एरवीही असतातच. माशाची प्रतिकारशक्ती घसरली की त्यांचे फावते.

(ई) कॉलमनारिस : करडे-पांढरे डाग, तोंडाजवळ किंवा पाठीवर कापसासारखा थर. हाही जिवाणूच, पण वेगाने पसरतो. उबदार पाण्यात हा वेग वाढतो, म्हणून अशा वेळी तापमान वाढवू नये.

बुरशीचे कापसासारखे पुंजके वेगळे. ते बहुधा आधीच्या जखमेवर वाढतात.

शंका असेल तर रोज एकाच वेळी, एकाच कोनातून, काचेला पट्टी चिकटवून छायाचित्र घ्या. कड दोन-तीन दिवस स्थिर असेल तर ती इजा. आत सरकत असेल तर कूज. मोजल्याशिवाय मत बनवू नका.

3. मूळ कारण : पाणी

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात : विषारी अमोनिया आणि तुलनेने निरुपद्रवी अमोनियम. 25 अंश सेल्सिअसला पीएच 7 असताना एकूण प्रमाणाच्या सुमारे अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 ला तोच पाच टक्क्यांहून अधिक होतो. म्हणजे चाचणीचा आकडा तोच, पण विषारीपणा सुमारे दसपट. म्हणून अमोनिया आणि पीएच नेहमी जोडीने मोजा. अमोनिया व नायट्राइट शून्य असावे.

पाणी किती बदलावे, याचे गणित सोपे आहे. दर वेळी f इतका अंश बदलला तर n वेळांनंतर उरणारे प्रमाण = मूळ प्रमाण × (1 − f)ⁿ. समजा 20 लिटरच्या टाकीत 2 पीपीएम अमोनिया आहे. रोज अर्धे पाणी बदलल्यास तीन दिवसांनी 0.25 पीपीएम उरेल. रोज चौथाई बदलल्यास सुमारे 0.84. (रोज नव्याने तयार होणारा अमोनिया येथे धरलेला नाही.)

एक सावधगिरी. महिनोन् महिने दुर्लक्षित बरणीत पीएच उतरलेला असतो. तिथे एकदम जास्त पीएचचे पाणी ओतले तर अमोनियमचे अमोनियात रूपांतर होऊन मासा दगावू शकतो. अशा वेळी चौथाई पाणी सकाळी आणि चौथाई संध्याकाळी बदला. नव्या पाण्याचे तापमान जुन्याइतकेच ठेवा आणि नळाचे पाणी असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन घाला.

4. उपचाराचा क्रम

पायरी 1 : टोकदार वस्तू काढा. जुन्या जॉर्जेटच्या ओढणीचा तुकडा त्या वस्तूवरून फिरवा. धागा अडकला तर परही अडकणार. फिल्टरचा ओढा कमी करा.

पायरी 2 : पाणी वरीलप्रमाणे स्वच्छ ठेवा आणि कॉलमनारिसची शंका नसेल तर तापमान 26-27 अंशांवर स्थिर राखा. उत्तर भारतातील हिवाळ्यात यासाठी थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतोच. साधी चीर एवढ्यानेच भरून येते.

पायरी 3 : सौम्य कूज थांबत नसेल तर मीठ. लिटरला 1 ग्रॅम या प्रमाणात खडे मीठ मगभर पाण्यात पूर्ण विरघळवून, दिवसभरात तीन हप्त्यांत घाला. मुदत सात ते दहा दिवस. मीठ बाष्पीभवनाने उडत नाही, हे लक्षात ठेवा. 20 लिटरमधून 5 लिटर काढले तर फक्त 5 ग्रॅम पुन्हा घालायचे. आटलेले पाणी भरताना काहीच नाही. जिवंत झाडे असतील तर माशाला उपचारापुरते वेगळ्या टबात ठेवा.

पायरी 4 : कूज वेगाने वाढत असेल, मुळाजवळ पोचली असेल किंवा मासा खाणे सोडत असेल, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने प्रतिजैविक, तेही वेगळ्या टबात. मनाने कॅप्सूल फोडू नका. टेट्रासायक्लिन जड पाण्यातील कॅल्शियमशी बांधले जाऊन निष्प्रभ होते, फिल्टरमधील उपयुक्त जिवाणूंना मारू शकते आणि अर्धवट मात्रेने प्रतिरोधक जिवाणू वाढतात.

कॉलेजच्या आवारात पडलेली देशी बदामाची वाळलेली पाने धुऊन टाकण्याची पद्धत चांगली आहे. त्यातील टॅनिनमुळे पाणी तपकिरी व किंचित आम्ल होते. पण ती पूरक आहे, पाणी बदलण्याला पर्याय नाही.

5. बरे होण्याची खूण

कडेला पारदर्शक, पातळ पडदा दिसू लागतो. अनेक जण त्यालाच नवी कूज समजून पुन्हा औषध घालतात. रंग नंतर भरतो, कधी मूळ रंगापेक्षा वेगळाही. पूर्ण वाढीला काही आठवडे ते महिने लागतात. तोवर पाण्याची शिस्त मोडू नका.

सारांश

पर हा माशाच्या पाण्याचा आरसा आहे. आधी मोजा, मग पाणी सुधारा, मग मीठ, आणि औषध सर्वांत शेवटी. माझ्या टेबलावर आज दुसरा फायटर आहे. त्याच्या टाकीशेजारी औषधांची डबी नाही, नोंदवही आहे.

स्वाध्याय

1. 15 लिटरच्या टाकीत 1.6 पीपीएम अमोनिया आहे. रोज अर्धे पाणी बदलल्यास 0.2 पीपीएमपर्यंत येण्यास किती दिवस लागतील?

2. 20 लिटरच्या टाकीत एक विद्यार्थी रोज अर्धे पाणी बदलून दर वेळी पूर्ण 20 ग्रॅम मीठ घालतो. टाकीतील मीठ कोणत्या मर्यादेकडे जाईल? (सूचना : भूमिती श्रेणी वापरा.)

3. तुमच्या नळाच्या पाण्याचा पीएच मोजा आणि विभाग 3 च्या आधारे तुमच्या टाकीसाठी पाणी बदलण्याचे वेळापत्रक तयार करा.