विल्यम आणि डॉरथी कॅरी : एका संसाराचा हिशेब



मराठी भाषेच्या इतिहासात १८०५ या सालाला एक मान आहे. त्या वर्षी बंगालमधील श्रीरामपूर येथे मराठी भाषेचे इंग्रजीतून लिहिलेले व्याकरण छापून निघाले. हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी वसलेले, त्या काळी डेन्मार्कच्या अमलाखाली असलेले ते एक लहानसे गाव होते. व्याकरणाचा कर्ता विल्यम कॅरी. पुढे १८१० साली त्याचाच मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि त्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांनी छापलेले होते. या कामी त्याचा हात धरणारे वैजनाथ पंडित यांचे ऋण त्याने मानले आहे. एवढी हकीगत मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना ठाऊक असते.

आज मला त्या पुस्तकांविषयी बोलावयाचे नाही. ती ज्या घरात लिहिली गेली, त्या घराविषयी बोलावयाचे आहे. कॅरीच्या अभ्यासिकेपासून एक खोली सोडून पलीकडच्या खोलीत त्याची पत्नी डॉरथी वेडाच्या भरात आक्रोश करीत असे, आणि अलीकडे हा गृहस्थ भाषांतराची मुद्रिते तपासत बसलेला असे. त्याच्या सहकाऱ्यांनीच हे लिहून ठेवले आहे. हे असे का झाले, याचा विचार केल्यावाचून त्या पुस्तकांची खरी किंमत कळणार नाही, असे मला वाटते.

कॅरीचा जन्म १७६१ चा, इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातला. धंदा जोडे शिवण्याचा. विसावे वर्ष पुरते लोटण्यापूर्वीच, जून १७८१ मध्ये, त्याने पिडिंग्टन गावच्या डॉरथी प्लॅकेटशी लग्न केले. ती त्याच्याहून पाचएक वर्षांनी मोठी. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीच्या जागी फुली काढली आहे, कारण तिला लिहिता येत नव्हते. नवरा मात्र जोड्याला टाका घालता घालता समोर पुस्तक उघडे ठेवी. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा तो आपल्या आपण शिकला. दारिद्र्य तर पाचवीला पुजलेले. पहिली मुलगी दोन वर्षांची होण्याआधीच तापाने गेली, पुढे आणखी एक मुलगी गेली. तरीही असे संसार त्या काळी इंग्लंडात घरोघर होते. त्यात जगावेगळे काही नव्हते.

जगावेगळे घडले ते १७९२-९३ मध्ये. कॅरीच्या आग्रहाने त्याच्या पंथाच्या मंडळींनी परदेशी धर्मप्रसारासाठी एक संस्था काढली. तिचे पहिले प्रचारक म्हणून बंगालचा अनुभव असलेले डॉक्टर जॉन टॉमस आणि स्वतः कॅरी यांची निवड झाली. हा निर्णय जानेवारी १७९३ मधला. त्या वेळी डॉरथीला दिवस गेलेले होते आणि पदरी तीन लहान मुले होती. तिने साफ नकार दिला. समुद्रापासून दूर, इंग्लंडच्या पोटात वाढलेल्या त्या बाईला पाच महिन्यांचा समुद्रप्रवास आणि त्यापलीकडचा अज्ञात मुलूख नको वाटला, यात नवल कसले? कॅरीने तरीही बेत बदलला नाही. थोरल्या फेलिक्सला घेऊन आपण पुढे जावे आणि काही वर्षांनी परत येऊन बाकीच्यांना न्यावे, असे त्याने ठरविले.

या ठिकाणी दैवाने एक खेळ केला. टॉमसच्या मागे सावकार लागलेले होते आणि ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना तर कोणापाशीच नव्हता. गलबतावर चढलेली ही मंडळी किनारा सुटण्यापूर्वीच खाली उतरविली गेली. दुसरे, डेन्मार्कचे, गलबत लवकरच निघणार होते. मधल्या दिवसांत दोघे पिडिंग्टनला परतले. डॉरथी नुकतीच बाळंत झाली होती. नवऱ्याने पुन्हा विचारले, तिने पुन्हा नाही म्हटले. दोघे वाटेला लागले, आणि मग टॉमस एकटाच मागे वळला. आता आली नाहीस तर घराची कायमची फाटाफूट होईल आणि जन्मभर पस्तावशील, असे त्याने तिला बजावले. या बोलण्याने ती घाबरली, हे त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे. धाकटी बहीण किटी बरोबर येत असेल तर येते, अशी अट तिने घातली. किटी तयार झाली. घाईघाईने बोचकी बांधली गेली आणि १३ जून १७९३ रोजी, महिनाभराचे मूल कुशीत घेऊन, डॉरथीने इंग्लंडचा किनारा सोडला. तो तिला पुन्हा दिसला नाही.

त्या एका दिवसावर थोडे थांबणे मला आवश्यक वाटते. कॅरीने आपले जीवितकार्य वर्षानुवर्षे चिंतन करून निवडले होते. डॉरथीला विचार करण्यास अर्धा दिवसही मिळाला नाही, आणि जो काही विचार झाला तो भीतीच्या पोटी झाला.

नोव्हेंबरात मंडळी कलकत्त्यास उतरली. व्यवहाराची सूत्रे टॉमसच्या हाती होती आणि त्याचा हात मोठा सैल. बरोबर आणलेला पैसा पाहता पाहता संपला. कधी इकडे, कधी तिकडे असे बिऱ्हाड फिरत राहिले. अखेर माणिकतल्ला येथे एका सावकाराने बागेतले लहानसे घर राहावयास दिले. डॉरथी आणि थोरला मुलगा रक्तातिसाराने अंथरुणाला खिळले. कॅरीच्या रोजनिशीतून या दिवसांचे चित्र स्पष्ट दिसते. घरात पाव मिळत नाही, भात आणि कालवण यांवर दिवस काढावे लागतात, आणि बायको व मेहुणी यांचे बोलणे सतत ऐकावे लागते. कार्याचे महत्त्व या दोघींना कळत नाही, अशी त्याची तक्रार आहे.

तक्रार खरी असेल. पण पावाचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. आपल्याकडील एखादी बाई अशा मुलुखात गेली की जिथे भाकरी नाही, भात नाही, शेजारणीशी बोलायला भाषा नाही आणि पोरगे आजारी, तर तिच्या तोंडी काय येईल? नवऱ्याला रामराम बसू मुनशीकडून बंगाली शिकण्याचा नाद होता, त्यात त्याचा दिवस सरत असे. तिचा दिवस चुलीपाशी आणि आजाऱ्याच्या उशाशी सरत होता.

१७९४ च्या आरंभी कॅरीने सुंदरबनाच्या कडेला जमीन मिळवून शेती करण्याचे ठरविले. वाघांचा तो प्रदेश. नदीतून होडीने निघालेल्या या कुटुंबाला देबहट्टा येथे चार्ल्स शॉर्ट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने, ओळखदेख नसता, आपल्या घरी आसरा दिला. थोड्याच महिन्यांत मालदा भागातील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेख करण्याची नोकरी कॅरीला मिळाली. पगार दरमहा २०० रुपये. पोटाचा प्रश्न सुटला. संस्थेकडून आता आपल्याला पैसे नकोत, असे त्याने इंग्लंडला कळविले. त्याच्या सचोटीची ही मोठी खूण आहे. पण किटी बरोबर आली नाही. ती शॉर्टच्या घरी राहिली आणि पुढे त्याच्याशीच तिने लग्न केले. जिच्या आधारावर डॉरथीने देश सोडला होता, तो आधार असा सुटला.

मदनाबाटीचा प्रदेश हिवतापाचा. ऑक्टोबर १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर दगावला. बाप स्वतः तापाने अशक्त झालेला. कोणी पेटी करून देईना, कोणी खड्डा खणण्यास येईना, कारण परक्या जातीच्या प्रेताचा विटाळ. मोठ्या मिनतवारीने चार मुसलमान खणावयास आले, तर मुखत्यारांनी गावाला ताकीद दिली की यांच्याबरोबर कोणी खाऊपिऊ नये. त्या चौघांवरचा बहिष्कार उठविण्यासाठी कॅरीला खटपट करावी लागली. मुलाला पोहोचविण्यास चार खांदेसुद्धा धड मिळाले नाहीत, हे त्या आईने पाहिले. मायदेशाहून तर एक ओळही आली नव्हती. इंग्लंड सोडल्यानंतर तिकडची पहिली पत्रे हाती पडण्यास जवळजवळ दोन वर्षे लागली.

१७९५ च्या आरंभापासून डॉरथीचे मन ढळले. नवरा परस्त्रियांच्या मागे आहे असा तिला भ्रम झाला. ती त्याच्या मागोमाग रस्त्याने जाई, चाकरमाणसांसमोर आरोप करी, आणि त्याच्या जिवावर उठण्यापर्यंत मजल गेली. एरवी, या एका विषयाखेरीज, तिचे बोलणे पुष्कळदा शहाण्यासारखे असे. आज अशा अवस्थेस भ्रामक संशयाचा आजार म्हणतात आणि त्यावर औषधे आहेत. त्या काळी ना नाव होते, ना उपचार. कॅरीने हे दुःख कित्येक महिने इंग्लंडात कोणाला कळू दिले नाही. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात बहिणींना लिहिलेल्या पत्रात त्याने प्रथम तोंड उघडले. अशा अवस्थेतच जानेवारी १७९६ मध्ये तिला आणखी एक मुलगा झाला.

१८०० च्या जानेवारीत कुटुंब श्रीरामपूरला आले. तेथे जोशुआ मार्शमन, त्याची पत्नी हॅना, मुद्रक विल्यम वॉर्ड आणि कॅरी यांचे एकत्र घर सुरू झाले. एकच चूल, एकच खजिना. कोणी खाजगी धंदा करावयाचा नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी, एकमेकांविषयीचे रुसवे बोलून मिटवावयाचे. आपल्याकडील जुन्या एकत्र कुटुंबासारखीच ही व्यवस्था होती. कॅरीची मुले मोकाट वाढली होती, त्यांना हॅनाने आणि वॉर्डने वळण लावले. डॉरथीला मात्र बहुतेक काळ खोलीत बंद ठेवावे लागे. २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराला हुगळीच्या पात्रात दीक्षा दिली गेली. सात वर्षांच्या श्रमाचे ते पहिले फळ. त्या आनंदाने टॉमसचे डोके फिरले. घाटावर स्तोत्रे चालली होती, एका खोलीत टॉमस आणि दुसरीत डॉरथी ओरडत होती.

१८०१ पासून कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागला. पुढे त्याचा पगार दरमहा हजार रुपयांवर गेला. त्यातले स्वतःपुरते थोडे ठेवून बाकी सगळे तो सामाईक खजिन्यात टाकी. बंगाली, संस्कृत, मराठी यांची व्याकरणे याच काळातली. पत्नीस वेड्यांच्या इस्पितळात पाठविण्याचा सल्ला त्याला मिळाला होता, पण तिथले हाल त्याला माहीत होते. त्याने तिला घरीच ठेवले. ८ डिसेंबर १८०७ रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, डॉरथी तापाने वारली. सुमारे बारा वर्षे तिचे आयुष्य असे गेले.

पुढील मे महिन्यात कॅरीने शार्लट रूमोर या सुशिक्षित बाईशी लग्न केले. ती प्रकृतीने अधू, पण श्रीरामपूरला आपण होऊन आलेली. तिला या कामाची गोडी होती. १८२१ साली ती वारली, तोपर्यंतची तेरा वर्षे कॅरीने सुखाची मानली. दोन्ही संसारांत हवा तीच, गाव तेच, नवराही तोच. मुख्य फरक हा की एक स्वेच्छेने आली होती आणि दुसरीला आणले गेले होते.

मग कॅरीला दोषी ठरवावयाचे काय? मला तसे वाटत नाही. ज्याने तापात भाषांतरे केली, ज्याने हजाराचा पगार खजिन्यात टाकला, ज्याने वेडी पत्नी टाकून दिली नाही, तो हलका माणूस नव्हता. पण ज्या संस्थेने त्याला पाठविले, तिने पुस्तकांची, प्रवासाची, वर्गणीची चर्चा केली आणि बरोबर जाणाऱ्या बायकामुलांचे काय होईल याची फारशी केली नाही. चरित्रकारांनीही पुढे तेच केले. कित्येकांनी डॉरथीला थोर पुरुषाच्या पायातली बेडी ठरविले. तिचे स्वतंत्र चरित्र निघण्यास १९९२ साल उजाडावे लागले. ते जेम्स बेक यांनी लिहिले. तिची हकीगत आपल्याला कळते ती बहुतेक नवऱ्याच्या रोजनिशीतून आणि त्याच्या मित्रांच्या पत्रांतून.

मराठी वाचकाला येथे लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होणे साहजिक आहे. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवरही आकाश कोसळले होते. परंतु त्यांना वेळ मिळाला. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, नाही म्हणाल्या, झगडल्या, आणि मग आपल्या पायांनी चालत त्या वाटेवर आल्या. शेवटी लेखणी हाती घेऊन ते सारे त्यांनी स्वतःच्या शब्दांत ‘स्मृतिचित्रे’मध्ये सांगितले. डॉरथीला ना वेळ मिळाला, ना लेखणी.

धर्मकार्य असो, देशकार्य असो, वा विद्येची उपासना असो, आपल्याकडेही घरादारावर पाणी सोडून गेलेल्या माणसांची आपण पूजा करतो. ती करावी. पण ज्या घरावर पाणी सोडले, त्यात कोण होते, त्यांना कोणी विचारले होते का, आणि नाही म्हणण्यास त्यांना किती अवधी मिळाला, हेही विचारण्याची सवय आपल्याला लागली पाहिजे. १८०५ च्या त्या व्याकरणावर एकाच माणसाचे नाव आहे, आणि प्रस्तावनेत वैजनाथ पंडितांचे ऋण मानलेले आहे. पलीकडच्या खोलीतल्या बाईचे ऋण त्यात नाही. ते आपण, मराठी बोलणाऱ्यांनी, आज येथे मानून उठावे, एवढीच माझी विनंती आहे.