विरजण का लागलं नाही?

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं वडगाव रासाई. भीमेच्या काठावरचं, रासाई देवीचं गाव. नदी जवळ, त्यामुळे ऊस भरपूर. पण उसाचे पैसे वर्षातून एकदा हातात येतात. रोजचं मीठ-मिरची, मुलांच्या फिया, सोसायटीचा हप्ता हे सगळं दुधावर चालतं. माझी आई पहाटे धार काढायची आणि आम्ही भावंडं किटली घेऊन डेअरीवर पळायचो. लग्नानंतर मी पुण्यात आले आणि इतकी वर्षं पिशवीचं दूध विकत घेते आहे. म्हणजे एकाच दुधाची दोन्ही टोकं मी पाहिली आहेत. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या दोन टोकांबद्दल, आणि त्यांच्या मधे उभ्या असलेल्या कायद्याबद्दल.

गेल्या वर्षी श्रावणात माहेरी गेले होते. वहिनी कुरकुरत होती, ‘‘दोन दिस झालं, विरजणच लागंना.’’ पावसाळी हवा आहे, विरजण जुनं झालं असेल, असं आम्ही दोघी म्हणालो. पण गोठ्यात गेले तर कोनाड्यात इंजेक्शनची रिकामी बाटली आणि तिचं खोकं दिसलं. एका गाईला दगडी झाली होती. कास सुजली होती, डॉक्टर येऊन गेले होते. मी दादाला विचारलं, ‘‘या गाईचं दूध बाजूला काढतोस ना?’’ दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘डॉक्टर म्हणालेत बाजूला काढा. पण ताई, बारा लिटर दूध रोज ओतून दिलं, तर हप्ता कशानं भरू?’’

चारही गाईंचं दूध एकाच कॅनमध्ये जात होतं, आणि घरापुरतं दूध त्याच कॅनमधून काढून घेतलं जात होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. दही लागलं नाही म्हणजे दुधात औषध आहेच असं सिद्ध होत नाही. थंडी, शिळं विरजण, नीट न धुतलेलं भांडं अशी कारणंही असतात. पण दही लावणारे जंतू हे जंतूच आहेत. गाईच्या कासेतले जंतू मारायला दिलेलं प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, दुधात उतरलं तर ते या उपयोगी जंतूंनाही वाढू देत नाही. वहिनीच्या भांड्यात काय घडलं हे कुठल्या प्रयोगशाळेनं सांगितलेलं नाही. पण तेव्हापासून मी कायदा वाचायला घेतला.

भेसळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? पाणी, युरिया, धुण्याची पावडर, रात्रीच्या अंधारात बनवलेलं दूध. आपला जुना कायदाही याच नजरेनं लिहिलेला होता. त्याचं नावच ‘अन्न भेसळ प्रतिबंध कायदा, १९५४’. भेसळ करणारा कुणीतरी लबाड असतो, त्याला पकडायचं आणि शिक्षा करायची, हा त्याचा गाभा. पुढे ‘अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६’ आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून त्यानं जुन्या कायद्याची जागा घेतली. या नव्या कायद्यानं प्रश्न बदलला. ‘लबाडी कुणी केली’ याच्या आधी तो विचारतो, ‘हे अन्न खाण्यासाठी सुरक्षित आहे का?’

म्हणून या कायद्यात अन्नाचे दोष वेगवेगळे मानले आहेत. पाणी घातल्यानं फॅट कमी भरलं, तर ते दूध ‘कमी दर्जाचं’. त्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड. पिशवीवर एक आणि आत दुसरंच असेल, तर ‘मिथ्याछाप’. तिथे तीन लाखांपर्यंत दंड. आणि ज्यानं शरीराला अपाय होईल ते ‘असुरक्षित’. इथे मामला फौजदारी होतो. असुरक्षित अन्नानं कुणाचा मृत्यू ओढवला, तर किमान सात वर्षं कैद, जी जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, आणि दहा लाखांपेक्षा कमी नाही असा दंड. शिवाय मृताच्या वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाई देण्याची तरतूद याच कायद्यात आहे. ही शेवटची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

आता दोन पाहण्यांचे आकडे सांगते. २०११ साली अन्न सुरक्षा प्राधिकरणानं देशभरातून दुधाचे १,७९१ नमुने तपासले. त्यातले ६८.४ टक्के मानकांत बसले नाहीत. केवढा गहजब झाला! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि ५ ऑगस्ट २०१६ च्या निकालात न्यायालयानं राज्यांना दूधभेसळ रोखण्यासाठी कडक पावलं उचलायला सांगितलं. पण ते नमुने नापास होण्याचं मोठं कारण पाणी आणि दूध पावडर हे होतं. फसवणूक खरीच, पण त्यातलं सगळंच दूध विषारी होतं असं नाही.

मग २०१८ साली प्राधिकरणानं आणखी मोठी पाहणी केली. एकूण ६,४३२ नमुने. त्यातले सुमारे ९३ टक्के पिण्यासाठी सुरक्षित निघाले. दुधाला असुरक्षित करणारी भेसळ सापडली ती फक्त १२ नमुन्यांत. अँटिबायोटिकचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले ७७ नमुन्यांत, आणि असे नमुने जास्त आढळलेल्या पहिल्या तीन राज्यांत आपला महाराष्ट्र होता. ३६८ नमुन्यांत मात्र ‘अफ्लाटॉक्सिन एम-१’ नावाचं विष मर्यादेबाहेर निघालं.

बारा कुठे आणि तीनशे अडुसष्ट कुठे! आणि हे विष कुणी दुधात मिसळत नाही. ते येतं बुरशी लागलेल्या चाऱ्यातून. पेंडीचं पोतं ओल्या जमिनीवर राहिलं, मुरघासाच्या पिशवीत हवा शिरली, भिजलेला मका तसाच साठवला, की बुरशी धरते. एका जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते. गाईनं ते खाल्लं की तिच्या यकृतात त्याचं रूप बदलतं आणि एका दिवसाच्या आत ते दुधात उतरतं. आपल्याकडे त्याची मर्यादा आहे एका किलो दुधात अर्धा मायक्रोग्रॅम. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. इतकी कडक मर्यादा अशासाठी, की हे विष यकृताला घातक आहे, कर्करोगाला कारण ठरू शकतं, आणि दूध पिणाऱ्यांत लहान मुलं सगळ्यांत पुढे असतात. तुम्ही म्हणाल, आम्ही दूध उकळून पितो. उकळल्यानं रोगजंतू मरतात. अफ्लाटॉक्सिन उकळून जात नाही, आणि औषधाच्या अंशाचाही भरवसा धरता येत नाही. समाधानाची गोष्ट एवढीच, की बुरशीचा चारा बंद केला की थोड्याच दिवसांत दूध पुन्हा स्वच्छ होतं.

मग या गोठ्यात कायदा काय करतो? मला सगळ्यांत जास्त आश्चर्य वाटलं ते इथे. अन्न सुरक्षा कायद्याचं कलम २१ म्हणतं, की जनावरांच्या औषधांचे अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असलेलं अन्न चालणार नाही. पण कलम १८ मध्ये असंही म्हटलं आहे, की शेतकरी, शेतीची कामं, पिकं आणि जनावरं यांना हा कायदा लागू नाही. अडाणी-गरीब शेतकऱ्यामागे इन्स्पेक्टरचा ससेमिरा लागू नये, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. त्याचा अर्थ मात्र असा होतो, की कायद्याची हद्द सुरू होते डेअरीच्या दारात. माझ्या दादाच्या गोठ्यात कायद्याचा माणूस येणार नाही. तिथे कायद्याची एकच खूण पोचते, आणि ती असते औषधाच्या खोक्यावर. २०१२ सालापासून औषध नियमांत अशी तरतूद आहे, की दुधाळ जनावरांच्या औषधावर ‘इतके दिवस दूध वापरू नये’ हा काळ छापलाच पाहिजे. आणि तो काळ तपासून ठरवलेला नसेल, तर दुधासाठी किमान सात दिवस धरायचे. कोनाड्यातल्या त्या खोक्यावर हे छापलेलं होतं. बारीक अक्षरात, इंग्रजीत.

डेअरीपासून पुढे मात्र कायदा बारकाईनं काम करतो. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतो. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो. दोन भाग पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात. चौथा भाग, विक्रेत्यानं मागणी केली तर, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकानं १४ दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो मान्य नसेल तर विक्रेत्याला ३० दिवसांत अपील करता येतं. दूध नासू नये म्हणून नमुन्यात फॉर्मेलिनचे थेंब घालतात आणि तशी नोंद करतात. गंमत पाहा, तेच फॉर्मेलिन विक्रेत्यानं दुधात घातलं तर तो गुन्हा!

आणि शेवटचं टोक म्हणजे आपलं स्वयंपाकघर. इथेही कायद्यानं आपल्या हातात काही दिलं आहे. कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकसुद्धा विकत घेतलेलं अन्न शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट एकच. घेतानाच विक्रेत्याला सांगायचं, ‘‘हे मी तपासायला देणार आहे.’’ दोष निघाला तर भरलेलं शुल्क परत मिळतं आणि अहवाल पुढील कारवाईसाठी अधिकाऱ्याकडे जातो. पिशवीवर चौदा अंकी परवाना क्रमांक, वापरण्याची तारीख आणि दुधाचा प्रकार पाहायची सवय लावा. ‘टोन्ड’ म्हणजे किमान ३ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन पदार्थ. ‘फुल क्रीम’ म्हणजे ६ आणि ९. तक्रार असेल तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-२२२-३६५, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५. नुकसान झालं असेल तर ‘ग्राहक संरक्षण कायदा, २०१९’ खाली जिल्हा आयोगाकडे जाता येतं. तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मात्र हातात पावती हवी. रतिबाचं दूध घेत असाल तर निदान महिन्याचा हिशेब लिहून सही घ्या.

यातली कुठलीही गोष्ट माझ्या दादाचा प्रश्न सोडवत नाही. ओतून दिलेल्या बारा लिटरचे पैसे त्याला कुठलाच कायदा देत नाही. त्याची लबाडी नव्हती, अडचण होती. ‘‘हजारो लिटरच्या टँकरमध्ये माझं बारा लिटर कुठं कळणार?’’ असंही तो म्हणाला. हिशेबानं ते खरंही असेल. पण त्या टँकरला दूध घालणारा प्रत्येक जण हाच हिशेब मांडू शकतो, आणि पाहणीतले ते ७७ नमुने बहुधा अशाच हिशेबांतून आलेले असतील. मी त्याला एवढंच म्हटलं, ‘‘दादा, तुझं दूध भीमा ओलांडून कुणाच्या घरी जातं हे तुला ठाऊक नाही. माझा नातू रोज सकाळी पेलाभर दूध पितो. ते तुझ्याच कॅनमधलं नसेल कशावरून?’’

त्यावर तो काही बोलला नाही. संध्याकाळी धारेच्या वेळी त्यानं त्या गाईसाठी वेगळी बादली घेतली. ते दूध त्यानं उकिरड्याशेजारच्या खड्ड्यात ओतलं तेव्हा वहिनीनं तोंड फिरवलं. दूध ओतणं आपल्या घरात पाप मानतात, तिला ते पाहवलं नाही. मलाही नाही.

दिवाळीत पुन्हा गेले तेव्हा गोठ्याच्या भिंतीवर खडूनं लिहिलेलं दिसलं. गाईचं नाव, इंजेक्शनची तारीख आणि त्याखाली दूध पुन्हा सुरू करण्याची तारीख. पेंडीची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवलेली होती. गावातल्या दूध घालणाऱ्यांनी डेअरीकडे एक मागणी करायचंही ठरवलं आहे. आजारी जनावराचं दूध जो प्रामाणिकपणे बाजूला काढील, त्याला त्या दिवसांसाठी काही आधार मिळावा. डेअरी काय उत्तर देते ते अजून कळायचं आहे.

तुमच्या गावात, तुमच्या संस्थेत हा विषय बैठकीला जरूर घ्या. आणि गोठ्यातलं ते खोकं फेकून देण्याआधी घरातल्या शिकत्या मुलाकडून एकदा वाचून घ्या.