कवळी बसेना? आधी जबडा दाखवा

मागील गळीत हंगामात वजनकाट्यावर एक जुने सभासद भेटले. वय सत्तरीपलीकडचे. गाडी काट्यावर जाईपर्यंत गप्पा निघाल्या, तेव्हा त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत अख्खी बत्तिशी!
"आबाजी, एवढा पैसा घातला अन् दात रुमालात?"
"टोचते बाप्पा थे. भाकर खाची अशीन त काढून ठेवतो, मंगच जेवतो."
दात जेवणासाठी करावेत आणि जेवताना काढून ठेवावेत, असा हा उलटा व्यवहार! घरोघरी डब्यात अशा कवळ्या पडून आहेत. दोष आपण कवळी करणाऱ्याला देतो. पुष्कळदा दोष असतो तिच्या खालच्या जमिनीत.

दात असतो तोवर चावण्याचा भार हाडाला मिळतो. दात गेला की ते हाड झिजू लागते आणि पहिल्या वर्षात झीज सर्वांत जास्त होते. टालग्रेन या संशोधिकेने कवळी वापरणाऱ्यांचा २५ वर्षांपर्यंतचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात खालच्या जबड्याची पुढील भागातील झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली. वरची कवळी टाळूला चिकटून राहते आणि खालची जिभेबरोबर उठते, ही तक्रार म्हणूनच सार्वत्रिक आहे.

आबाजींच्या बाबतीत दात काढल्यावर हाडाची टोके हिरडीखाली तशीच राहिली होती. वरून कवळी दाबली की मधली हिरडी चेंगरायची. नांगरट झाली पण ढेकळे फुटली नाहीत, असा प्रकार. यावर उपाय छोटा आहे. जागा बधिर करून हिरडी बाजूला करतात, टोके घासून हाड गुळगुळीत करतात आणि टाके घालतात. जखम भरली की काही आठवड्यांनी माप घेतात. अनेक दात एकदम काढायचे असतील तर हे काम त्याच बैठकीत होते. म्हणून दात काढण्यापूर्वीच "पुढे कवळी करायची आहे" असे डॉक्टरांना सांगावे.

काहींच्या टाळूवर किंवा जिभेच्या बाजूला हाडाचा उंचवटा असतो. काहींचा ओठाखालचा पडदा फार वर आलेला असतो आणि बोलताना कवळी उचलतो. सैल कवळी वर्षानुवर्षे रेटून वापरली तर तिच्या कडेला मांसाची घडी वाढते. ती कापून तपासणीस पाठवणे उत्तम. तोंडातली कोणतीही न भरणारी जखम तर दोन आठवड्यांवर अंगावर काढूच नये.

आता पक्क्या दातांविषयी. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करताना टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव झालेला दिसला. १९६५ साली त्यांनी माणसाच्या जबड्यात असे खुंट प्रथम बसवले. खुंटाला हाड लागतेच. ते कमी असेल तर हाडाचे कलम करतात. वरच्या दाढांच्या जागी हाडावर पोकळी असते, तिचे अस्तर उचलून खाली भर घालतात. यात महिने जातात आणि खर्चही बराच होतो. सर्वांना याची गरज नाही. खालच्या जबड्यात दोनच खुंट घालून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवता येते, आणि ही मधली वाट मला जास्त व्यवहारी वाटते.

आपल्याकडे खरी अडचण खऱ्र्याची आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, खर्रा मात्र घोटला जातोच. सुपारीने गाल आतून आवळतात. मग तोंडात मापाचा साचाही जात नाही, तर शस्त्रक्रिया कुठून करायची? तंबाखूने जखम उशिरा भरते आणि खुंट निकामी होण्याचा धोका वाढतो. साखरेचा आजार ताब्यात नसला तरी तीच गत. साखर पिकवणारांनी तरी आपल्या रक्तातली साखर मोजून जावे!

जायचे कुठे? अमरावतीत विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचे दंत महाविद्यालय आहे, अकोल्याजवळ कान्हेरी सरप येथेही एक आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासूनचे. जाताना जुनी कवळी आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. रक्त पातळ करणारी किंवा हाडे ठिसूळ झाल्यावर देतात ती औषधे चालू असल्यास आवर्जून सांगावे. आपल्या मनाने मात्र गोळी बंद करू नये.

आबाजींचे टाके निघाले आहेत. सध्या खिचडी अन् कढीवर आहेत. माप पुढच्या महिन्यात.